प्रॉम्प्टवरची चांदणी

२००८ चा मार्च. मी तेव्हा सांगलीत नोकरीला होते. वर्षअखेर असल्यामुळे एका पतसंस्थेच्या मुदत ठेवींचे व्याजदर बदलायचे होते: एका शाखेच्या, एका योजनेच्या ३१ ठेवी, बस्स. संध्याकाळचे साडेसहा वाजलेले, काउंटर बंद, शिपाई दिवे मालवायच्या तयारीत. एसक्यूएल प्लसच्या, म्हणजे ऑरॅकल डेटाबेसला टाइप करून हुकूम द्यायच्या साधनाच्या, काळ्या खिडकीत मी अपडेट लिहिलं, एंटर मारला आणि उत्तर आलं, ४११२ ओळी बदलल्या. शाखेची अट लिहायचीच राहिली होती.

पोटात गोळा आला. पण दुसऱ्याच क्षणी आठवलं, कमिट, म्हणजे बदल पक्का करायचा हुकूम, कुठे दिलाय अजून? कमिट नाही म्हणजे काही झालेलंच नाही. बाहेर पडलं की सगळं आपोआप पुसलं जाईल. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी एक्झिट टाइप केलं.

एसक्यूएल प्लसमध्ये एक्झिट म्हणजे कमिट.

हे मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं, त्यामुळे दोष माझाच. सरांना फोन केला. ते जेवत होते. "कुणालाही आता काही चालवू देऊ नकोस," एवढं बोलून ते पंधरा मिनिटांत ऑफिसला हजर झाले. ऑरॅकल बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रती अनडू नावाच्या राखीव जागेत काही काळ सांभाळून ठेवतं, आणि 'अ‍ॅज ऑफ टाइमस्टॅम्प' लावून विचारलं तर त्या वेळचं टेबल दाखवतं. राखायची डिफॉल्ट मुदत ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं. आम्हाला तोवर चाळीस मिनिटं झाली होती. पण त्या संध्याकाळी सर्व्हरवर दुसरं कामच नव्हतं, म्हणून जुन्या प्रतींवर कुणी काही लिहिलं नव्हतं. ४११२ च्या ४११२ ओळी परत मिळाल्या. सर एवढंच म्हणाले, "खिडकीची फुली दाबली असतीस तर वाचली असतीस." ते खरं होतं, आणि आजही मला ते विचित्रच वाटतं.

तेव्हापासून डेटाबेसचं कुठलंही कमांड-लाइन साधन हातात आलं की मी दोन गोष्टी बघते. ट्रान्झॅक्शन, म्हणजे अजून पक्का न केलेल्या बदलांचा गठ्ठा, उघडं असताना ते मला तसं सांगतं का? आणि मी उठून निघाले तर माझ्या अर्धवट कामाचं काय करतं? रंगीत अक्षरं, टॅब दाबून नावं पुरी करणं, टेबलांच्या देखण्या चौकटी, हे सगळं नंतर. गेल्या अठरा वर्षांत चार साधनं मी रोजच्या कामात भरपूर वापरली आणि एक-दोन पाहुण्यासारखी. त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे, नव्याने या कामात आलेल्यांसाठी.

ट्रान्झॅक्शन म्हणजे काय हे मी एकदा सासऱ्यांना समजावत होते. ते निवृत्त तलाठी. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "म्हणजे फेरफार," ते म्हणाले. "नोंद धरली म्हणून सातबारा बदलत नाही. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली की मग बदलतो. नामंजूर झाली तर होतं तसं." यापेक्षा चांगलं मला वर्गातही कुणी शिकवलं नव्हतं. आता प्रश्न एवढाच, की नोंद धरून तुम्ही चहाला गेलात आणि परत आलाच नाहीत, तर ती प्रमाणित समजायची की नामंजूर? इथे प्रत्येक साधनाचं वेगळं म्हणणं आहे.

एसक्यूएल प्लसपासूनच सुरू करते, कारण हिशोब तिथलाच आहे. त्याचं ऑटोकमिट डिफॉल्टने बंद असतं. म्हणजे पहिलं अपडेट, इन्सर्ट किंवा डिलीट केलं की ट्रान्झॅक्शन आपोआप उघडतं आणि तुम्ही कमिट म्हणेपर्यंत उघडंच राहतं. मला हा स्वभाव आवडतो. चूक लक्षात यायला माणसाला दोन-तीन सेकंद लागतात आणि हे साधन ते देतं. रोलबॅक, म्हणजे बदल मागे घे, म्हटलं की 'रोलबॅक कंप्लीट' आणि सुटका.

पण प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करायच्या जागेआधीची खूण, गप्प. ट्रान्झॅक्शन उघडं असो वा नसो, तिथे एसक्यूएल आणि पुढे एक कंस (>), एवढंच. आपण कमिट केलं होतं की नाही हे आठवत नसेल तर वर स्क्रोल करायचं, किंवा परवानगी असेल तर व्ही-डॉलर-ट्रान्झॅक्शन ही चालू ट्रान्झॅक्शन्सची यादी बघायची. आणि निघतानाची तऱ्हा तर सांगितलीच. एक्झिट म्हणून सभ्यपणे निघालात तर कमिट; खिडकी बंद करून, नेटवर्क तुटून, प्रोसेस मारून धाडकन गेलात तर रोलबॅक. सभ्य माणसाची चूक कायम होते आणि असभ्य माणसाची माफ. डिसकनेक्ट केलं तरी कमिट. त्याच खिडकीतून दुसऱ्या युजरने कनेक्ट केलं तरी आधीच्याचं कमिट. नव्या लोकांना यातलं शेवटचं कधीच माहीत नसतं.

यावर इलाज आहे. ११जी रिलीज २ पासून एक्झिटकमिट नावाचं सेटिंग आलं. ते ऑफ केलं की एक्झिट रोलबॅक करतं. मी ते माझ्या लॉगिन फाइलमध्ये पहिल्या ओळीला टाकलंय. डिफॉल्ट मात्र ऑनच आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या मशीनवर बसले की मी आजही 'एक्झिट रोलबॅक' असे दोन शब्द पूर्ण टाइप करते. सवय लागलीय. एकदा लिफ्टमध्ये कुणीतरी एक्झिट म्हणालं तर मनातल्या मनात पुढचा शब्द उमटला होता.

स्क्रिप्ट चालवायची असेल तर आणखी सावध राहा. मध्ये एखादं वाक्य फसलं तरी एसक्यूएल प्लस पुढचं चालवत राहतं आणि शेवटी एक्झिट असेल तर जे काही अर्धंमुर्धं झालं ते पक्कं करून टाकतं. म्हणून वर 'व्हेनेव्हर एसक्यूएलएरर एक्झिट फेल्युअर रोलबॅक' ही ओळ हवी. त्यातला रोलबॅक शब्द गाळलात तर चूक झाल्यावर साधन थांबेल खरं, पण थांबता थांबता कमिट करून थांबेल. आणि टेबल बनवणं, कॉलम वाढवणं, ग्रँट देणं यातलं काहीही मध्ये आलं की आधीचं सगळं आपोआप कमिट. हा दोष खिडकीचा नाही, ऑरॅकल डेटाबेसचाच तो नियम आहे. पण भोगतो खिडकीसमोर बसलेला माणूस.

२०१३ ला पुण्यात आले आणि पोस्टग्रेस या डेटाबेसशी गाठ पडली. त्याची खिडकी म्हणजे पीएसक्यूएल. पहिल्या आठवड्यात माझं त्याच्याशी अजिबात जमलं नाही, कारण ऑटोकमिट चालू. एंटर मारला की झालं. ऑरॅकलवरून आलेल्या माणसाला हे म्हणजे कठडा नसलेल्या जिन्यासारखं वाटतं. मग कळलं, आधी बिगिन म्हणायचं. बिगिन म्हटलं की पुढचं सगळं एका मुठीत, कमिट किंवा रोलबॅक म्हणेपर्यंत.

आणि बिगिन म्हटलं की प्रॉम्प्टवर चांदणी येते! डेटाबेसचं नाव, बरोबरचं चिन्ह, मग एक * आणि मग कंस. कमिट केलं की चांदणी जाते. मध्ये काही चुकलं तर चांदणीच्या जागी उद्गारचिन्ह. कनेक्शनच बोंबललं असेल तर प्रश्नचिन्ह. एका अक्षराची जागा, पण मी कित्येक वर्षं हेच मागत होते. पूर्वी ही चांदणी स्वतः पीएसक्यूएलआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रॉम्प्ट बदलून आणावी लागायची. पोस्टग्रेस १४ पासून, म्हणजे २०२१ पासून, ती डिफॉल्टमध्येच आहे. ज्याने कुणी हा बदल मांडला त्याला माझ्यातर्फे एक कटिंग.

आता ते उद्गारचिन्ह. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या मधोमध एक वाक्य चुकलं, अगदी कॉलमचं स्पेलिंग जरी चुकलं, तरी अख्खं ट्रान्झॅक्शन नासतं. पुढे साधं सिलेक्ट केलं तरी तेच उत्तर: करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड. रोलबॅक म्हणेपर्यंत तुमचं काही ऐकून घेत नाही. सात अपडेट नीट केलेत, आठव्यात टायपो, की सातही गेले. माझा ज्युनियर याला 'सासुरवास' म्हणतो. मला मात्र हे पटतं. आणि त्याहून गंमत म्हणजे अशा नासलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये तुम्ही कमिट म्हणालात तर ते हो म्हणतं, पण उत्तरात छापतं 'रोलबॅक'. आपण एक मागितलं आणि समोरच्याने दुसरंच दिलं, तेही पावतीवर खरं लिहून. ती पावती वाचायची सवय लावा. मी किमान तीन जणांना कमिट म्हणून, ती ओळ न वाचता, घरी जाताना पाहिलंय.

हाताने काम करताना या कडकपणाचा जाच होत असेल तर ऑन-एरर-रोलबॅक हे सेटिंग 'इंटरॅक्टिव्ह' करून ठेवा. मग पीएसक्यूएल प्रत्येक वाक्याआधी गुपचूप एक सेव्हपॉइंट टाकतं आणि वाक्य फसलं तर तिथपर्यंतच मागे येतं. आधीचे सात अपडेट शाबूत. स्क्रिप्टमध्ये हे लागू होत नाही, आणि होऊही नये.

ऑरॅकलसारखं ऑटोकमिट बंद ठेवून काम करायची सोयही आहे. बॅकस्लॅश सेट, ऑटोकमिट, ऑफ. पण ऑटोकमिट हा शब्द सगळा कॅपिटल अक्षरांत लिहायचा. लहान अक्षरांत लिहिलात तर पीएसक्यूएल तक्रार करत नाही; त्याच नावाचं दुसरं, निरुपयोगी चल बनवून ठेवतं आणि ऑटोकमिट होतं तसं चालूच. माणूस समजतो आपण कठडा लावला, आणि जिना उघडाच. या एका गोष्टीसाठी मी पीएसक्यूएलचा अर्धा गुण कापते. सेट केल्यावर चांदणी बघून खात्री करा: पहिलं वाक्य चालवलं की ती दिसायला हवी.

मी स्वतः ऑटोकमिट बंद ठेवत नाही. कारण मग साध्या सिलेक्टनेही ट्रान्झॅक्शन उघडतं, आणि माणूस सिलेक्ट करून जेवायला जातो. सिलेक्टने काय होणार, असं वाटतं ना? त्या टेबलावर एक हलकं लॉक राहतं. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना त्याचा त्रास नाही. पण तेवढ्यात कुणी त्या टेबलात कॉलम वाढवायला घेतला, तर तो ऑल्टर तुमच्या लॉकमागे थांबतो आणि त्याच्यामागे रांगेत आलेले बाकीचे सगळे सिलेक्टही थांबतात. एका माणसाच्या डब्यातल्या भाजीपोटी अख्खं अ‍ॅप्लिकेशन ठप्प. मी हे दोनदा पाहिलंय. एकदा भाजी माझी होती. सर्व्हरवर अशी सेशन्स 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणून दिसतात, आणि ९.६ पासून त्यांना ठरावीक वेळाने हाकलायचं सेटिंग आहे. डिफॉल्ट शून्य, म्हणजे बंद. आमच्याकडे आता दहा मिनिटांवर आहे.

पोस्टग्रेसची जी गोष्ट मला ऑरॅकलकडे परत जाऊ देत नाही ती म्हणजे टेबलांची मोडतोडही ट्रान्झॅक्शनमध्ये बसते. बिगिन, ड्रॉप टेबल, सिलेक्ट करून टेबल खरंच गेलंय हे बघा, रोलबॅक, टेबल परत जागेवर. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हे करून दाखवते, तोंडं बघण्यासारखी होतात. काही कामं यात येत नाहीत: डेटाबेस बनवणं, व्हॅक्यूम म्हणजे टेबलांची साफसफाई, कॉनकरंटली (बाकीची कामं न थांबवता) बनवलेला इंडेक्स. ती ट्रान्झॅक्शनच्या बाहेरच चालवावी लागतात आणि तसं ते तोंडावर सांगतं.

फाइल चालवताना मात्र पीएसक्यूएल फार ढिलं आहे. नुसतं उणे एफ (-f) लावून फाइल दिली तर प्रत्येक वाक्य स्वतंत्र कमिट होतं, एखादं फसलं तरी पुढचं चालतं, आणि शेवटी शेलला, म्हणजे ज्याने ते चालवलं त्याला, उत्तर शून्य, म्हणजे सगळं आलबेल. रात्री ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन खूश, सकाळी अर्धी टेबलं रिकामी. दोन गोष्टी हाताशी ठेवा. ऑन-एरर-स्टॉप लावलं तर पहिल्या चुकीला थांबतं आणि शेलला ३ हा आकडा परत देतं. सिंगल-ट्रान्झॅक्शन, म्हणजे उणे एक (-1), लावलं तर अख्खी फाइल एका मुठीत. दोन्ही एकत्र लावा. एकटं उणे एक लावून भागत नाही. डेटा सुरक्षित राहतो, पण क्रॉनला काही बिघडल्याचं कळतच नाही.

आणि निघताना? चांदणी दिसत असताना बॅकस्लॅश क्यू मारलं तर पीएसक्यूएल काही न बोलता निघून जातं आणि काम पुसलं जातं. पुसणं योग्यच. पण "अहो, काम अर्धं आहे" असं एकदा तरी म्हणावं. साध्या टेक्स्ट एडिटरलाही सेव्ह न केलेली फाइल बंद करताना विचारायची रीत आहे.

मायएसक्यूएल या डेटाबेसची खिडकी मी क्लायंटच्या कामासाठी वापरते, आवडीने नाही. इथेही ऑटोकमिट चालू, बिगिन म्हणून सुरुवात, पण चांदणी नाही. प्रॉम्प्टवर वेळ दाखवता येते, युजर दाखवता येतो, डेटाबेसचं नाव येतं, फक्त जे हवं ते डिफॉल्टमध्ये नाही. बिगिन चालू असताना विसरून पुन्हा बिगिन म्हटलं तर पहिलं ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट होतं. पोस्टग्रेस अशा वेळी नुसती सूचना देतं आणि तेच ट्रान्झॅक्शन चालू ठेवतं. एकीकडून दुसरीकडे उड्या मारणाऱ्याने हा फरक भिंतीवर लिहून ठेवावा.

याचं एक बटण मात्र मला फार प्रिय आहे. सेफ-अपडेट्स. ते लावलं की व्हेअरमध्ये, म्हणजे अटीत, इंडेक्स असलेला कॉलम नसेल आणि लिमिटही नसेल तर अपडेट आणि डिलीट चालतच नाहीत. माझी ती मार्चची संध्याकाळ मात्र याने वाचली नसती, कारण माझ्या अपडेटला व्हेअर होतं, योजनेच्या कोडवर इंडेक्स होता, फक्त अट अपुरी होती. ते असो. या बटणाचं दुसरं अधिकृत नाव आहे 'आय-अ‍ॅम-अ-डमी'. खरंच, कमांडला तसं लिहिलं तरी चालतं. प्रॉडवर, म्हणजे चालू कामाच्या खऱ्या डेटाबेसवर, लॉगिन करताना स्वतःच्या हाताने 'मी मठ्ठ आहे' असं टाइप करण्यात एक प्रकारची शुचिता आहे. आमच्या टीममध्ये ते सक्तीचं आहे आणि मॅनेजरनाही सूट नाही.

मायएसक्यूएलमधली सगळ्यात धोक्याची गोष्ट वरून मदत वाटते. कनेक्शन तुटलं की खिडकी आपणहून पुन्हा जोडून घेते आणि तुमचं वाक्य चालवते. आता बघा. बिगिन म्हटलं, खात्यातून रक्कम वजा करणारं अपडेट केलं. व्हीपीएन पडला. परत आलात, दुसऱ्या खात्यात जमा करणारं अपडेट टाकलं. खिडकी म्हणते, कनेक्शन नाही, पुन्हा जोडतेय, नवा कनेक्शन आयडी अमुक, क्वेरी ओके. पण जुनं सेशन मेलं तेव्हा पहिलं अपडेट रोलबॅक झालं. नव्या सेशनमध्ये बिगिन नाही, ऑटोकमिट चालू. जमा पक्की, वजा गायब. त्या दोन-तीन ओळी न वाचता पुढे गेलात तर कमिट म्हटल्यावरही सगळं गोडच दिसतं. कॉन्फिग फाइलमध्ये 'मायएसक्यूएल' नावाच्या विभागात स्किप-रिकनेक्ट टाका. आजच टाका, मी थांबते.

टाकलंत? तर त्याच जातीची आणखी एक खोड. दोन सेशन्स एकमेकांत अडकून डेडलॉक झाला की इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन, त्यातल्या एकाचं अख्खं ट्रान्झॅक्शन मागे घेतं. पण नुसतं लॉकची वाट बघून बघून वेळ संपली, जी डिफॉल्टने ५० सेकंद आहे, तर फक्त ते एक वाक्य मागे जातं, ट्रान्झॅक्शन उघडंच. दोन्ही वेळा एररच्या शेवटी सल्ला मात्र एकच छापून येतो, ट्रान्झॅक्शन पुन्हा सुरू करून बघा. एकात बिगिन संपलेलं असतं, दुसऱ्यात चालू असतं. १२१३ (डेडलॉक) आणि १२०५ (वेळ संपली) हे दोन आकडे मी पाठ केलेत. दोन्ही वेळा मी न चुकता आधी रोलबॅक म्हणते आणि मगच पहिल्यापासून सुरुवात करते.

स्क्रिप्टच्या बाबतीत मात्र हे बाकीच्यांपेक्षा शहाणं आहे. फाइल आत ढकलली आणि मध्ये चूक झाली तर थांबतं. पुढे रेटायचं असेल तर तुम्हाला फोर्स असं मुद्दाम सांगावं लागतं. जुन्या क्लायंटकडे मायआयसॅम या जुन्या इंजिनची टेबलं असतील तर रोलबॅक हा शब्दच विसरा. तिथे रोलबॅक चालतो, एक इशारा येतो, आणि डेटा बदललेला तो बदललेलाच. इनोडीबी ५.५ पासून डिफॉल्ट असलं तरी २००६ साली बनलेली टेबलं अजून जिवंत आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही.

एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस, माझं घरचं साधन. आमच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोब मी त्यात ठेवते. ५६ फ्लॅट, एक फाइल, पेन ड्राइव्हवर खजिनदारांना देता येते. मॅकवर तर ते आधीपासून असतंच. इथे बिगिन, कमिट, रोलबॅक सगळं आहे, टेबलांची मोडतोडसुद्धा मागे घेता येते, आणि एवढ्याशा साधनासाठी ते फार मोठं काम आहे. प्रॉम्प्ट काही सांगत नाही. पण डिफॉल्ट पद्धतीत लिहिणारं ट्रान्झॅक्शन उघडं असेल तर डेटाबेसच्या फाइलशेजारी जर्नल नावाची दुसरी फाइल उगवते आणि कमिट केलं की जाते. मी फोल्डर उघडा ठेवून तिच्याकडे बघते. गरिबाची चांदणी.

याचा एक दोष मला महागात पडला असता. बिगिन, पन्नास-साठ इन्सर्ट आणि शेवटी कमिट अशी फाइल चालवली. मधला एक इन्सर्ट फसला, फ्लॅट नंबर दोनदा आला होता. एसक्यूलाइटने चूक छापली, पुढचे इन्सर्ट चालवले आणि कमिट केलं. पोस्टग्रेस असतं तर सगळं मागे गेलं असतं. इथे ५५ फ्लॅटची पावती निघाली आणि एक गृहस्थ व्हॉट्सअ‍ॅपवर विचारत बसले, आमचं बिल का नाही? आता मी बेल लावते. बेल म्हणजे पहिल्या चुकीला थांब; मग कमिटपर्यंत पोचतच नाही आणि सगळं मागे जातं. ज्यांना एसक्यूलाइट म्हणजे खेळणं वाटतं त्यांनी हे एकदा स्वतः करून बघावं.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचं एसक्यूएलसीएमडी मी फार वापरलेलं नाही, तरी एक सांगते. तिथे प्रत्येक खेपेला गो लिहावं लागतं आणि नवीन माणूस गो म्हणजेच कमिट समजतो. गो म्हणजे फक्त 'इथवरचं सर्व्हरला पाठव'. बिगिन ट्रॅन उघडं असेल तर शंभर गो मारले तरी ते उघडंच. किती पातळ्या उघड्या आहेत हे ट्रॅनकाउंट विचारून कळतं. आयबीएमच्या डीबी२ मध्ये अधिक सी लावलं की ऑटोकमिट बंद आणि उणे सी लावलं की चालू. नेमकं उलट वाटतं, पण तसंच आहे.

दामाबद्दल विचाराल तर यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही. पीएसक्यूएल, मायएसक्यूएलची खिडकी आणि एसक्यूलाइट मोफत आहेत, आणि एसक्यूएल प्लससुद्धा इन्स्टंट क्लायंटबरोबर फुकट उतरवता येतं. किंमत मोजावी लागते ती संध्याकाळी साडेसहानंतर.

माझ्या मशीनवर आज काय आहे ते सांगते. पीएसक्यूएलचा प्रॉम्प्ट प्रॉडवर लाल, टेस्टवर हिरवा, चांदणी दोन्हीकडे. ऑन-एरर-रोलबॅक इंटरॅक्टिव्ह. एसक्यूएल प्लसला एक्झिटकमिट ऑफ. मायएसक्यूएलला मठ्ठपणाचं बटण आणि स्किप-रिकनेक्ट. कुठल्याही खिडकीत प्रॉडवरचं अपडेट लिहिताना आधी बिगिन (एसक्यूएल प्लस सोडून, तिथे ट्रान्झॅक्शन आपोआप उघडतं), मग तेच व्हेअर लावून काउंट, मग अपडेट, आणि दोन्ही आकडे जुळले तरच कमिट. ३१ म्हणजे ३१.

परवा ज्युनियरचा रात्री नऊला फोन आला. "मॅडम, मी निघालो होतो, लॅपटॉप बंद करताना बघितलं तर चांदणी आहे. काय करू?"

"अपडेट किती ओळींचं होतं?"

"आठवत नाही."

"मग रोलबॅक कर आणि घरी जा. उद्या परत करू."

त्याने केलं. सकाळी येऊन पुन्हा चालवलं, तर ओळी निघाल्या १२, हव्या होत्या ९.